बाराशेचा की सोळाशेचा

खोलीतल्या तिन्ही मांडण्या कधीच्या तयार होत्या. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या जोडून साडूने त्या स्वतः बांधल्या होत्या. प्रत्येकीवर कॉम्प्युटरची सहा-सहा ग्राफिक कार्डं ओळीने टांगलेली, खाली मदरबोर्ड, कडेला पंखे. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त या सगळ्याला वीज पुरवणारा डबा नव्हता. त्या डब्याला पॉवर सप्लाय म्हणतात, आणि तो निवडायचं काम कवळीवाल्यांच्या गळ्यात पडलं होतं.

कवळीवाल्यांनी उभं आयुष्य दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करण्यात घालवलं. राहत्या घरातलीच एक खोली त्यांचा कारखाना होती. पुढे डॉक्टर मंडळी कॉम्प्युटरवर दात छापून घ्यायला लागली, कामं आटली, आणि खोलीला कुलूप लागलं. पण खोली तशी पक्की होती. भट्टीसाठी घेतलेली जाड वायरची वेगळी लाइन होती, गरम हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा होता. साडूची नजर नेमकी त्यावर पडली.

साडू म्हणजे त्यांच्या मेहुणीचा, धाकटीचा नवरा. थंडगार माल पोचवणारी गाडी चालवायचा आणि गाडी चालवता चालवता नाना गोष्टी ऐकायचा. त्यातूनच त्याच्या डोक्यात हे क्रिप्टोचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नाण्यांचं, खूळ शिरलं होतं.

"यंत्रं करणार काय पण?" कवळीवाल्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"गणितं सोडवणार. दिवसरात्र."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे... सगळ्यांचीच. जगभर लोक त्या नाण्यांची देवघेव करतात. ती खरी झाली की नाही, ते ही यंत्रं तपासतात. त्याबद्दल आपल्याला थोडं नाणं मिळतं."

"ते नाणं असतं कुठे?"

"तसं कुठेच नसतं."

"आत्ता तर मिळतं म्हणालात."

"मिळतं. हातात येत नाही एवढंच."

कवळीवाले म्हणाले, "मग याला मायनिंग, खाणकाम का म्हणतात?"

"म्हणतात," साडू म्हणाला. त्यालाही याहून जास्त माहीत नसावं.

तरी कवळीवाल्यांनी होकार दिला. कुलूपबंद दारासमोरून दिवसातून दहादा जाताना त्यांना कसंतरीच व्हायचं. शिवाय घर सोडून फार वेळ बाहेर राहणं आता त्यांना शक्य नव्हतं. त्याचं कारण ताई.

ताई म्हणजे त्यांची बायको. धाकटी तिला ताई म्हणायची, तेच नाव घरादारात पडलं होतं. लग्न झाल्यापासून घरातलं सगळं ठरवायचं ते ताईंनी. कवळीवाल्यांना निवडायचं म्हटलं की त्यांचे हातपाय गळायचे. कामात तसं नव्हतं, समोर तोंडाचा साचा असला की दात कुठे बसायचा ते साचाच सांगतो. पण दुकानात दोन रंगांचे मोजे समोर आले की ते दोन्ही हातांत एकेक धरून उभे राहायचे आणि शेवटी काहीच न घेता घरी यायचे. मग ताई जायच्या. राहतं घर त्यांनी बघितलं, भट्टी त्यांनी घासाघीस करून आणली, नवऱ्याच्या शर्टांचे रंगसुद्धा त्याच ठरवायच्या. "बाजूला व्हा जरा," असं म्हणून त्या काउंटरशी जायच्या आणि कवळीवाले सुटल्यासारखे दुकानाच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. संसार असा बिनबोभाट चालला होता.

मग ताईंचा घोटाळा व्हायला लागला. घरात त्याला घोटाळाच म्हणत. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव लांबलचक होतं आणि ते उच्चारलं की धाकटीचे डोळे भरून यायचे. ताई कपाटातले सगळे टॉवेल काढून नव्याने घड्या घालायच्या, ठेवायच्या आणि पुन्हा काढायच्या. दुपारच्या झोपेतून उठल्या की हे घर कुणाचं, असं विचारायच्या. कधी सगळं लख्ख आठवायचं. कधी मात्र नवऱ्याकडे बघून अगदी अदबीने म्हणायच्या, "बसा ना. हे येतीलच एवढ्यात." अशा वेळी काय करायचं ते कवळीवाल्यांना कळायचं नाही. ते आपले बसायचे.

तर अशा माणसाकडे साडूने निवड सोपवली. "मी आठवडाभर रस्त्यावर असतो, दादा. आणि तुम्ही केसाएवढा फरक ओळखणारे. तुम्हीच बघा."

कवळीवाल्यांनी मनावर घेतलं. धाकटी ताईंजवळ बसायला आली की ते दुकानं पालथी घालायला निघायचे. पहिल्या दुकानात सांगितलं, "बाराशे वॉटचा घ्या, डोळे झाकून." दुसऱ्या दुकानातला माणूस हसला. "बाराशेचा? काका, तुमची यंत्रं झोपणार आहेत का कधी? चोवीस तास चालणाऱ्याला सोळाशेच्या खाली बघूच नका." तिसऱ्याने दोघांनाही वेड्यात काढलं. म्हणाला, एका मांडणीला लहान लहान दोन जोडा, एक गेला तर दुसरा उरतो. घरची लाइन तपासायला आलेल्या इलेक्ट्रिशियनला हे सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. "दोन जोडाल तर दोन्ही एकाच क्षणी चालू व्हायला हवेत. एक आधी आणि एक मागून झाला की कार्डं गेलीच म्हणून समजा."

त्यात पुन्हा डब्यांना पदकं असतात हे कळलं. ब्रॉन्झ, गोल्ड, प्लॅटिनम. कवळीवाल्यांनी गोल्डचा डबा उलटासुलटा करून पाहिला. दाताला सोनं लावलं तर दिसतं, इथे कुठेच दिसत नव्हतं.

"सोनं नसतं हो त्यात," दुकानदार म्हणाला. "भिंतीतून घेतलेली वीज किती वाया घालवतो, त्यावरून हुद्दा ठरतो. प्लॅटिनमवाला कमी घालवतो."

"मग वाया जाते ती कुठे जाते?"

"तिची ऊब होते."

एवढं त्यांना पटलं. पण त्यावर दुकानदार म्हणाला की कुठलाही डबा अर्ध्या भारावर सगळ्यात कमी वाया घालवतो. म्हणजे मोठा गोल्ड अर्धा भरलेला बरा, की लहान प्लॅटिनम काठोकाठ भरलेला? दुकानदाराने मान एकदा इकडे आणि एकदा तिकडे हलवली. कवळीवाले घरी आले ते दोन्ही कानशिलं दाबतच.

संध्याकाळी त्यांनी साडूला फोनवर सगळं ऐकवलं. "म्हणजे मी असं म्हणतो, की गोल्ड नको, थोडं थांबून प्लॅटिनमच घेऊ." ताई शेजारीच बसल्या होत्या. त्यानंतर दोन दिवस त्या नवऱ्याकडे निराळ्याच नजरेने बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "मग? अंगठी की बांगड्या?" कवळीवाल्यांना काही उलगडा होईना. उलगडा झाला तेव्हा त्यांना हसावं की रडावं ते समजेना, आणि तोवर ताई विसरूनही गेल्या होत्या.

दिवस जात राहिले. साडू येताजाता विचारायचा, "दादा, ठरलं का?" आणि कवळीवाले म्हणायचे, "ठरतंय." शेवटी साडूचा धीर सुटला. एका रविवारी सकाळी तो पोतं भरून लांबट, काळपट डबे घेऊन आला. कुठलंसं ऑफिस बंद झालं होतं. तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरांना वीज पुरवणारे जुने सप्लाय त्याला आयतेच मिळाले होते.

"मजबूत असतात हे. वर्षानुवर्षं चालतात," तो म्हणाला. "तुमचं बाराशे-सोळाशे सोडा आता."

कवळीवाल्यांना मनातून बरंच वाटलं. निवडायची कटकट मिटली होती. साडूने त्यातला एक डबा पहिल्या मांडणीला जोडला आणि बटण दाबलं.

तो आवाज कशासारखा होता ते कवळीवाल्यांना पुढेही कुणाला नीट सांगता आलं नाही. डब्यात बोटभर लांबीचा पंखा होता, आणि तो असा किंचाळायला लागला की शेजारच्या फळीवरचे जुने साचे थरथरले. साडू ओरडून काहीतरी सांगत होता, त्याचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. पण मांडणीवरचे दिवे लागले, सहाच्या सहा कार्डांचे पंखे फिरायला लागले, आणि इतके दिवस मुकी उभी असलेली ती गोष्ट एकदम जिवंत झाली. दोघेही कान झाकून, लहान मुलांसारखे हसत तिच्याकडे बघत राहिले. ते किती वेळ तसे बघत होते कुणास ठाऊक. बटण बंद करून बाहेर आले, तर घराचं दार सताड उघडं होतं आणि ताई घरात नव्हत्या.

साडू गाडी काढून मोठ्या रस्त्याकडे गेला. धाकटीला फोन केला, तीही निघाली. कवळीवाले चालतच गल्लीच्या वळणाच्या दिशेने निघाले. प्रत्येक दुकानात डोकावत होते, पण कुणाला काय विचारायचं तेच त्यांना सुचत नव्हतं. माझी बायको दिसली का, असं विचारावं तर ती दिसते कशी ते सांगावं लागणार. आणि आज तिने काय घातलंय, ते त्यांनी बघितलंच नव्हतं. एका ठिकाणी ते नुसतेच ततपप करून बाहेर आले.

कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाच्या काचेतून त्यांना ताई दिसल्या. त्या मधल्या बाकावर ऐसपैस बसल्या होत्या. भोवती उघड्या खोक्यांचा ढीग, समोर गुडघ्यावर बसलेली दुकानातली मुलगी, घामाघूम. ताईंच्या एका पायात घरातली सपात होती आणि दुसऱ्यात उंच टाचेचा नवा कोरा बूट.

"बरं झालं आलात," नवऱ्याला बघून त्या म्हणाल्या. "यांच्याकडचा एकही जोड धड नाही. हा पुढे टोचतो. तो तळव्याला कच्चा आहे, महिनाभरात फाटेल. हिला म्हटलं, दाखव अजून."

"आजींनी सगळं दुकान काढायला लावलं," मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "पण सांगतात ते बरोबर आहे. तो कच्चाच आहे."

कवळीवाले बाकावर ताईंच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "घरातून का निघालीस?"

ताई विचारात पडल्या. "कुणीतरी ओरडत होतं," त्या म्हणाल्या. "फार ओरडत होतं. मला वाटलं, माझ्यावरच."

साडूने तो पोत्यातला माल त्याच दिवशी उचलून नेला. जाताना त्याला ताईंकडे बघवेना. दारात तो एवढंच म्हणाला, "दादा, आवाज न करणारा बघा. बाकी काही का असेना."

आता ताईंना एकटं सोडायचं नाही असं ठरलं. धाकटीला त्या आठवड्यात दिवसा यायला जमणार नव्हतं, तेव्हा पुढच्या खेपेला कवळीवाले ताईंनाच बरोबर घेऊन निघाले. बसमध्ये त्यांनी समजावून सांगितलं, की आपण एक यंत्र बघायला चाललोय, फार वेळ लागणार नाही. ताई खिडकीतून बाहेर बघत होत्या. कोट त्यांनी स्वतः निवडून घातला होता, पर्सही घेतली होती. लांबून कुणी बघितलं असतं तर काही वेगळं वाटलं नसतं.

दुकान मोठं होतं. काउंटरवरच्या तरुणाने चार डबे पुढ्यात मांडले आणि तो आकडे सांगायला लागला. कवळीवाल्यांनी एका हातात बाराशेचा घेतला, एका हातात सोळाशेचा. लहान हलका होता. मोठा जड होता. दोन्ही काळे. त्यांचं नेहमीचं सुरू झालं. एकदा इकडे बघायचं, एकदा तिकडे.

"बाजूला व्हा जरा," ताई म्हणाल्या.

हे शब्द कवळीवाल्यांनी कितीतरी दिवसांत ऐकले नव्हते. ते बाजूला झाले ते सवयीनेच. मग त्यांच्या मनात आलं, की हे आपण काय केलं.

ताईंनी दोन्ही डबे काउंटरवर ठेवायला लावले. "हे रोज वापरायचं की कधीमधी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"सारखंच चालणार. दिवसरात्र."

"मग हा धाकटा दमून जाईल." त्या तरुणाकडे वळल्या. "आणि हा थोरला?"

"हा अर्ध्याच ताकदीवर चालेल, आजी. तापणार नाही, टिकेलही जास्त."

"असं आहे तर तो धाकटा दाखवलातच कशाला?"

तरुण जरासा गोरामोरा झाला. त्याने लहान डबे मागे सरकवले. कवळीवाले थक्क होऊन बघत होते. इतके दिवस इतक्या दुकानांतून जे त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं, ते ताईंनी उभ्याउभ्या निकालात काढलं होतं. पण हे ताईंना समजून सुचलं होतं, की मनाने त्या अजून चपलाच घेत होत्या? त्यांच्या चेहऱ्यावरून काही सांगता येईना.

"चालवून दाखवा," ताई म्हणाल्या.

तरुणाने सप्लायला एक छोटं तपासायचं यंत्र लावलं आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. बाकी काहीच झालं नाही. ताईंनी वाकून डब्याला कान लावला.

"बंद आहे हा."

"चालू आहे, आजी. भार कमी असला की याचा पंखा फिरतच नाही. त्यामुळे आवाज नाही."

"आवाज नाही, वारा नाही, आणि चालू आहे?" ताई सरळ उभ्या राहिल्या. "बिघडलेला माल दाखवता होय? दुसरा आणा."

"अगं, आपल्याला आवाज न करणाराच हवाय," कवळीवाले हळूच म्हणाले.

"न करणारा वेगळा आणि मेलेला वेगळा."

आता आली पंचाईत. मघाशी त्या बोलल्या ते बरोबर होतं, आणि आत्ताचंही त्याच सुरात, त्याच ठामपणे बोलल्या होत्या. यातलं ताईंचं कोणतं आणि दुखण्याचं कोणतं? कवळीवाल्यांनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, जसं काही तिथे कुठेतरी जोड दिसेल. जोड दिसत नव्हता.

तरुणाला मात्र काहीतरी सुचलं. त्याने आणखी एक सोळाशेचाच डबा काढला, मागे वळवला आणि एक बारीक बटण दाखवलं. "याला ही सोय आहे. हे इकडे केलं की पंखा थांबत नाही, मंद फिरत राहतो." त्याने तो चालू केला. बारीक घुमल्यासारखं झालं, भिंतीपलीकडे कुणी गुणगुणत असावं तसं. ताईंनी पंख्यासमोर तळहात धरला, वारा लागतोय ना ते पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या. "मग आधीच हा का नाही काढलात? आणि या वायरी? घरी जुन्या पडल्यात पिशवीभर, त्या चालतील ना? वायरी नकोत आम्हाला, तेवढे पैसे कमी करा."

तरुणाचा चेहरा एकदम गंभीर झाला. "नाही आजी, तसं अजिबात करू नका. टोक बसतं, पण आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. दुसऱ्या सप्लायच्या वायरी याला लावल्या की कार्डं जळतात. दर महिन्याला कुणीतरी रडत येतं."

साडूने पिशवीभर जुन्या वायरी खरोखरच जमवून ठेवल्या होत्या, त्याच वापरायच्या म्हणून. ताईंना ती पिशवी ठाऊक असणं शक्य नव्हतं. का कधी पाहिली असेल? की त्यांच्या मनात इस्त्रीची वायर होती?

"वायरी याच्याच द्या," कवळीवाले तरुणाला म्हणाले. "लागतील त्याहून थोड्या जास्तच द्या. डबे तीन."

इथवर सगळं निभावलं. पैसे द्यायच्या खिडकीशी रांग होती. ताईंनी खोक्यांकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"हे कुणाचं?"

"आपलंच. आत्ता तू निवडलंस ना."

"आपल्याकडे आहे की हे. कपाटावर ठेवलंय." त्यांनी खोक्यावर हात ठेवला. "परत करा. घरात असताना उगाच दुसरं कशाला?"

"अगं, ते हे नाही..."

"मला सांगता? माझ्या हाताने ठेवलंय मी." त्यांचा आवाज चढला होता. डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. मागची माणसं इकडे बघायला लागली, खिडकीतली बाई हातातलं काम थांबवून बसली. कवळीवाले रांगेत तसेच उभे. आयुष्यभर ताईंचा शब्द तो शेवटचा शब्द, असं ते चालत आले होते. आता घ्या म्हणाल्या त्या ताईच, परत करा म्हणतायत त्याही ताईच. कुठल्या शब्दाला शेवटचा म्हणायचं? मागून कुणीतरी खाकरलं.

"ते जुनं आपण साडूला दिलं," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

ताई थबकल्या. "कधी?"

"गेल्या महिन्यात."

"मला न विचारता?"

"हो."

ताईंनी डोळे पुसले. "तुमचं हे असंच," त्या म्हणाल्या. "कुणी मागितलं की काढून द्यायचं. घ्या मग आता हे. दुसरा इलाज आहे का?"

कवळीवाल्यांनी पैसे दिले. बसमध्ये खोकी मांडीवर घेऊन बसल्यावरही त्यांना उमगेना, की शेवटी हे घेतलं कुणी? त्यांनी, ताईंनी, की त्या थापेने? ताई मात्र घरापर्यंत धुमसत होत्या.

साडू संध्याकाळी धाकटीला घेऊन आला, तर ताई दारातच. "ते आमचं परत आणून द्या," त्या म्हणाल्या.

"काय, ताई?"

"काय ते तुम्हाला माहितीय."

साडूने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. कवळीवाले हातांनी काहीतरी खुणा करत होते, त्यांचा अर्थ लागणं कठीण होतं. साडू म्हणाला, "उद्या आणतो, ताई. चुकलंच माझं."

आत खोलीत त्याने जुन्या वायरींची पिशवी उघडली, तेव्हा कवळीवाल्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"याच्याच लावायच्या."

"अहो, टोक बसतंय की."

"बसतं. आत वेगळं असतं."

"कुणी सांगितलं?"

"ताईने विचारलं, म्हणून कळलं."

"ताईंनी काय विचारलं?"

"ते जाऊ द्या," कवळीवाले म्हणाले. "मलाच नीट सांगता यायचं नाही."

दोन मांडण्या लगेच चालू झाल्या. तिसरी काही केल्या होईना. दोघांनी सगळी कार्डं काढून बसवली, वायरी तपासल्या, साडूने दोन-चार शिव्या हासडल्या, आणि मग धाकटी चहा घेऊन आली. तिने विचारलं, "भावोजी, हे मागचं बटण खाली का आहे?" सप्लायचं मुख्य बटणच बंद होतं. साडूने ते वर केलं. तिन्ही मांडण्यांचे दिवे लागले, खोलीत मंद घुमणं भरून राहिलं आणि ताई दारात येऊन शांतपणे बघत उभ्या राहिल्या. त्या घाबरल्या नाहीत, एवढं कवळीवाल्यांनी पाहिलं आणि ते खाली बसले.

नाणी यायला लागली. साडू फोनवर दाखवायचा. आकड्याच्या आधी शून्यांची मोठी रांग असायची. "हे जास्त की कमी?" कवळीवाले विचारायचे. "काल जास्त होतं," असं साडू कधी सांगायचा आणि कधी, "तेवढंच आहे, पण भाव वाढलाय." भाव चढला की साडूचा चेहरा फुलायचा आणि उतरला की पडायचा. कवळीवाल्यांना नेमकं कधी खूश व्हायचं ते शेवटपर्यंत साधलं नाही. त्यातून विजेचं बिल जाऊन चार पैसे उरत असावेत, कारण साडूने मांडण्या मोडायची भाषा कधी काढली नाही. सप्लाय मात्र एकदाही रुसले नाहीत. बाराशेचे घेतले असते तर रुसले असते का, हे कळायला मार्ग नव्हता, आणि कवळीवाल्यांना तो विचार अधूनमधून छळायचा.

थंडी पडली तशी ती खोली घरातली सगळ्यात ऊबदार जागा झाली. दुपारी ताई तिथे खुर्ची ओढून बसायला लागल्या. टॉवेलांच्या घड्याही तिथेच आल्या. कवळीवाले दुसरी खुर्ची घेऊन शेजारी बसायचे.

एकदा घडी घालता घालता त्या थांबल्या. "ही आत काय करतात हो सारखं?"

"गणितं सोडवतात."

"कशाची?"

"साडू म्हणतात, लोकांच्या व्यवहारांची."

"आणि चुकत असली तर?"

कवळीवाल्यांनी हा विचार कधी केला नव्हता. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "खरं सांगू का, मला यातलं काहीच नीट कळलेलं नाही. पहिल्या दिवसापासून."

ताईंनी त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं. नजर स्वच्छ होती. कुणा पाहुण्याकडे बघावं तशी ती नव्हती.

"मलाही हल्ली पुष्कळ कळत नाही," त्या म्हणाल्या.

हे त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. आजवर डॉक्टरांपुढेसुद्धा त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं. कवळीवाल्यांनी मांडीवरचा टॉवेल उगाच सारखा केला.

"काय काय कळत नाही?"

"तेच कळत नाही ना," ताई म्हणाल्या आणि थोडं हसल्या. "तुम्हाला कळलं तर सांगाल मला?"

"सांगेन. पण माझंही हे असं."

"चालेल," ताई म्हणाल्या. "धरा हे टोक."

कवळीवाल्यांनी टॉवेलचं टोक धरलं. घडी आधी उभी घालायची की आडवी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईही दुसरं टोक हातात धरून तसाच विचार करत होत्या.